शुक्रवारची खिचडी

माझा नवरा अंटार्क्टिकावर होता त्या वर्षी मला जेवायची लाज वाटायची. भूक लागायची, जेवणही व्हायचं, चवही कळायची, आणि ताट घासताना वाटायचं की आपण कुणाच्या तरी पुढ्यातलं ओढून खाल्लं. तसं मी कुणाचं काही खाल्लं नव्हतं. पण अपराधी वाटायला कारण लागतंच असं नाही. मी तर नसलेल्या कारणाची इतकी काळजी घेतली की शेवटी ते खरोखरच तयार झालं.

त्याचं काम जनरेटरचं. ओमानमध्ये आतल्या वाळवंटात तेलविहिरींजवळ कामगारांचे कॅम्प असतात. तिथं पाण्याच्या पंपापासून मेसच्या फ्रीजरपर्यंत सगळं डिझेल जनरेटरवर चालतं. तो अशा एका कॅम्पवर राहायचा आणि मधूनमधून घरी यायचा. तेलाचे भाव घसरले त्या वर्षी तो कॅम्पच गुंडाळला गेला. 'खलास' एवढं एकच उत्तर घेऊन तो मस्कतजवळच्या अल अमेरातमधल्या आमच्या फ्लॅटवर आला आणि पुढे कित्येक आठवडे घरातच होता. ज्याच्या हातात सतत पाना असायचा अशा माणसाला घरी बसवलं की काय होतं ते मी पाहिलं. आमचा फ्रीज ठणठणीत चालत असताना त्याने तो उघडला. मग पंखा उघडला. माझ्या मिक्सरला हात लावला त्या दिवशी मात्र मी कडाडून भांडले. नेमकं त्याच सुमाराला त्याच्या एका जुन्या सहकाऱ्याने कळवलं की अंटार्क्टिकावरच्या आपल्या संशोधन केंद्राला एका हिवाळ्यापुरता जनरेटर सांभाळणारा माणूस हवाय. त्याने ते मला हसत हसत सांगितलं. मी मिक्सरच्या रागातच म्हटलं, "जा की मग."

आणि तो गेला. एका मिक्सरवरून मी नवऱ्याला पृथ्वीच्या तळाशी धाडला, असं मी मैत्रिणींना विनोदाने सांगायची. त्या हसायच्या. मला हसायला यायचं नाही, पण मीच सुरू केलेला विनोद असल्यामुळे हसावं लागायचं.

मी इथल्या एका भारतीय शाळेत लायब्ररी सांभाळत होते. व्हिसा शाळेचा, त्यामुळे मला मस्कतमध्ये राहता आलं. मुलीचा व्हिसा माझ्या नावावर करून घेताना मात्र चपला झिजल्या. मुलगी तेव्हा तिसरीत होती. शाळेत दिवसभर इंग्रजी, घरी माझ्याशी अर्धं अर्धं. बापाशी मात्र ती मराठीच बोलायची, प्रत्येक शब्दाआधी थोडं थांबून. कारण तो तिला इंग्रजीत उत्तरच द्यायचा नाही.

केंद्रावर उपग्रहाचा फोन होता आणि प्रत्येकाला आठवड्यातून एकदा घरी बोलायची वेळ ठरवून दिलेली होती. त्याने शुक्रवारची दुपार मागून घेतली, माझी सुट्टी म्हणून. बोललेलं पलीकडे पोचायला क्षणभर उशीर व्हायचा. सुरुवातीला आम्ही दोघं एकदम बोलायचो, आणि मग दोघं एकदम गप्प व्हायचो. लग्नाला दहा वर्षं झाल्यावर असं होणं काही वाईट नाही. त्याचा पहिला प्रश्न कधी चुकायचा नाही. तो वेंगुर्ल्याकडचा, शहरात कितीही वर्षं काढली तरी फोनवर त्याच्या तोंडी गावाकडचीच बोली यायची.

"काय गो, आज काय रांधलंस?"

मी सांगायची. सुरुवातीचे महिने अगदी तिखटमिठासकट सांगायची. तेव्हा तिकडेही बरं चाललेलं होतं. तिथला उन्हाळा होता, सूर्य मावळत नव्हता, विमानं येत होती आणि स्वयंपाकघरात टोमॅटो होते. खरी भिस्त जहाजावर होती. वर्षातून एकदा जहाज येतं आणि पुढच्या वर्षाचं सगळं उतरवून जातं, डिझेल, धान्य, भाजी, अंडी, सुटे भाग. त्यानंतर समुद्र गोठतो, अंधार पडायला लागतो आणि पुढचा उन्हाळा येईपर्यंत तिथं कुणी येऊ शकत नाही आणि तिथून कुणी निघूही शकत नाही.

त्या वर्षी किनाऱ्यालगतचा बर्फ फुटलाच नाही. जहाज लांब उभं राहिलं. हेलिकॉप्टरने जमेल तेवढं उतरवलं, तेवढ्यात हवा बिघडली आणि अडकून पडायच्या भीतीने जहाजाला परत फिरावं लागलं. डिझेल पुरतं उतरलं नव्हतं. कांदे, बटाटे आणि अंडी यांचाही बराचसा भाग आला तसाच परत गेला. उपाशी कुणी मरणार नव्हतं. अशा वेळेसाठी तिथं तांदूळ, डाळ, पीठ, डबाबंद आणि गोठवलेलं अन्न जास्तीचं ठेवलेलंच असतं. पण ताजं म्हणून जे काही असतं ते लवकरच संपणार होतं, आणि डिझेल जपायचं होतं. हे त्याने मला एकदा नीट समजावून सांगितलं. आपल्याकडे वीज गेली की अन्न नासतं. तिकडे वीज गेली की अन्न गोठतं, मग नळ गोठतात, आणि मग माणसांची पाळी. म्हणजे सगळ्यांचा जीव जनरेटरवर, आणि जनरेटर माझ्या नवऱ्याच्या हातात.

केंद्राच्या प्रमुखांनी ठरवलं की इमारतीचा एक भाग बंद करून सगळ्यांनी दुसऱ्या भागात दाटीवाटीने राहायचं. येण्याजाण्याच्या जागा गरम ठेवायच्या नाहीत. कपडे धुण्याचं यंत्र क्वचित लावायचं. स्वयंपाकघरातला मोठा ओव्हन बंद. ठरवलं त्यांनी, पण बटणं बंद करत फिरायचं काम याचं. पाव भाजायचे बंद झाले तेव्हा लोक त्याच्याकडेच रागाने बघायला लागले. "माका बघलां की लोक थंडी दाखवूक हात खिशात घालतत," तो एकदा म्हणाला, आणि हसला. ते हसू मला आवडलं नाही.

त्याच फोनमध्ये त्याने नेहमीचा प्रश्न विचारला. मी त्या सकाळी अल मवालेहच्या भाजीबाजारात जाऊन आले होते. तिथं सकाळी गेलं की आपला संयम सुटतो. मेथीच्या जुड्या इतक्या कोवळ्या होत्या की मी चार उचलल्या. लसूण घालून मेथी केली होती, सुरमई तळली होती. बोलायच्या भरात मी ते सगळं सांगून मोकळी झाले. मला वाटलं लाईन गेली.

मग तो म्हणाला, "थांब. परत सांग. मेथीक लसूण आधी घातलंस की मिरची?"

"लसूण."

"ठेचून की कापून?"

"ठेचून. का रे?"

"काय नाय. परत एकदा सांग, पहिल्यापासून."

तिकडे हिरवं पानही नाही, आणि मी याला मेथी ऐकवतेय. हा बिचारा ऐकून ऐकून चव घेतोय. मी कसंबसं परत सांगितलं, घाईघाईने, अर्धं गाळून. फोन ठेवल्यावर ओट्यापाशी उभं राहून मी स्वतःला वाटेल ते बोलले. उरलेली मेथी दुपारी घशाखाली उतरेना. टाकवेना म्हणून रात्री खाल्ली, आणि ती चांगली लागली, हे अजूनच वाईट.

त्या दिवशी मी ठरवलं की याला यापुढे असला छळ नको.

पुढच्या शुक्रवारी त्याने विचारलं तेव्हा मी म्हटलं, "खिचडी." मला ते उत्तर फार शहाणपणाचं वाटलं. तांदूळ आणि डाळ त्याच्याकडेही होती. म्हणजे आम्ही दोघं सारखंच जेवलो, कुणी कुणाच्या वरचढ नाही. "बरी आसा मां तब्येत?" त्याने विचारलं. "हो, हलकं बरं वाटतं," मी म्हटलं. मागे ताटात पापलेटाचे काटे पडले होते आणि मुलगी माझ्याकडे डोळे मोठे करून बघत होती.

तिलाही मी पढवलं. बाबा विचारतील, तर खिचडी म्हणायचं. का, ते सांगायला गेले तर तिला पटेना. "पण आपण फिश खाल्ली," ती म्हणाली. मी म्हटलं, बाबांकडे फिश नाही, त्यांना वाईट वाटेल. "मग त्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवू ना, ते बघतील," ती म्हणाली. मी ओरडले. मग तिने फोन हातात घेऊन, थांबत थांबत, अगदी स्वच्छ मराठीत सांगितलं, "बाबा, आज... खिचडी... छान झाली होती." एरवी तिच्या तोंडून एवढं नीट मराठी वाक्य निघालं की आम्ही कौतुक करायचो. त्या दिवशी मी तिथून उठून बाल्कनीत गेले.

पोरीला खोटं बोलायला लावतेय हे मला टोचायला लागलं. त्यावर मी जो उपाय शोधला तो ऐकून कुणालाही वाटेल की या बाईला विश्रांतीची गरज आहे. खोटं बोलायला नको म्हणून मी शुक्रवारी खरोखरच खिचडी करायला लागले. शुक्रवारी खिचडी, आणि शनिवारी मासे. कधी मुलीला घेऊन हमरियाला जायची, तिथल्या एका छोट्या हॉटेलात परोटा आणि चिकन खायला घालायची. म्हणजे आता सगळं खरं होतं. फक्त सुट्टीच्या दुपारी शेजारच्या घरांतून बिर्याणीचे वास यायचे आणि आम्ही मायलेकी एकमेकींकडे न बघता खिचडी गिळायचो.

एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. जूनमध्ये मस्कत तापलं. हात लावला तर नळाचं पाणी चटका देतं, असे दिवस. आमचे दोन एसी रात्रंदिवस घुमत होते आणि मला त्या आवाजात जनरेटर ऐकू यायचा. इथं मी वीज जाळून घर थंड करतेय आणि तिथं तो वीज वाचवायला घर थंड पडू देतोय. एके दिवशी मी बाहेरच्या खोलीतला एसी बंद केला, मग बेडरूममधलाही दुपारचा बंद ठेवायला लागले. मुलीच्या पाठीवर घामोळं उठलं. पावडर लावून घेताना ती फार समजुतीने म्हणाली, "आई, आपण हॉट झालो म्हणून बाबा वॉर्म होणार नाही ना."

मला थप्पड बसल्यासारखं झालं. मी एसी लावला. पण खिचडी काही सोडली नाही.

इकडे त्याचे फोन आखूड होत चालले. आधी तो काम सांगायचा, कुठला जनरेटर कसा कुरकुरतो, वादळात धुराड्यातला बर्फ कसा काढावा लागतो. ते बंद झालं. त्याऐवजी तो माझीच चौकशी करायला लागला. "शाळा पगार येळार देता मां?" त्या वर्षी मस्कतमध्ये ज्याच्या त्याच्या तोंडी नोकरी गेल्याच्याच गोष्टी होत्या, आमच्या बिल्डिंगमधली दोन कुटुंबं सामान विकून मुंबईला गेली होती. पण माझा पगार वेळेवर येत होता. "हो हो, अगदी वेळेवर," मी म्हटलं, आणि ते इतक्या घाईने म्हटलं की माझं मलाच खोटं वाटलं. "खरां सांग," तो म्हणाला. "खरंच रे." मग त्याने विचारलं, "आज काय?" आणि मी म्हटलं, "खिचडी."

ऑगस्टमध्ये एक शुक्रवार फोन आला नाही. वादळ असेल, असं मी धरून चालले. पुढच्याही शुक्रवारी आला नाही. एक ओळीचा मेसेज आला: सगळं ठीक, काम आहे. ज्याने आयुष्यात कधी 'सगळं ठीक' असा निरोप धाडला नाही, त्याच्याकडून तो आला की जीव टांगणीला लागतो. मला रात्री झोप लागेना. मी त्याला रागवायची, मग स्वतःला, मग मिक्सरला.

मग एका कामाच्या दिवशी, लायब्ररीत पुस्तकांवर शिक्के मारत असताना, एका विचित्र लांब नंबरवरून फोन आला.

"वहिनी, घाबरू नका, तो बरा आहे," पलीकडचा माणूस आधी एवढं म्हणाला, आणि मग त्याने ओळख दिली. तो केंद्रावरचा आचारी होता. वसईचा. मस्कतलाही एका हॉटेलात काही वर्षं काम केलेलं, रुवीला राहायचा. "आमच्या तिकडचे तुम्ही," तो म्हणाला, अंटार्क्टिकावरून. मग थोडा घुटमळला. "एक विचारू? राग नका मानू. घरी सगळं बरोबर आहे ना? म्हणजे, किराणा-बिराणा?"

"किराणा?" मी म्हटलं.

"तसं नाय वहिनी. काय असतं, इकडे आमची एक पद्धत आहे. शनिवारी दुपारी सगळे एकत्र जेवतात. ताटात तर रोज तेच तेच. मग प्रत्येकाने उभं राहून सांगायचं, या आठवड्यात आपल्या घरी काय बनलं. फोनवर घरून विचारून घेतात सगळे. एकदम बारीकसारीक, फोडणी कशाची, मासा कुठला. बाकीचे प्रश्न विचारतात, भांडतात पण. डाळ-भात खाताना कानाने दुसरंच खायचं. अंधार सुरू झाला ना वहिनी, तेव्हापासून लोक शनिवारसाठी जगतात."

हातातला शिक्का कुठे ठेवावा ते कळेना.

"सुरुवातीला तुमचं घर नंबर वन होतं," तो सांगत होता. "तुमच्या मेथीवर काय राडा झाला माहितेय? आमचा एक पंजाबी म्हणतो, मिरची पहिली. हा म्हणतो, लसूण पहिला, बायकोला दोनदा विचारून घेतलंय. मग एकदम खिचडी. पहिल्यांदा लोक हसले. मग परत खिचडी, परत खिचडी. चौथ्या वेळी कुणी हसलं नाही. आता तो उठतच नाही. 'माझं पास,' बोलतो."

"अरे देवा," मी म्हटलं.

"आणि जेवत नाही, वहिनी. अर्धं ताट परत येतं. मी लय मागे लागलो तेव्हा बोलला, घरी माझी बायको-पोरगी खिचडीवर दिवस काढतायत, पगार बंद झाला असणार, मला सांगत नाही ती. मी इथं बसून चिकन कसं खाऊ? डॉक्टरने बोलावून वजन केलं, बरंच उतरलंय. परवा जनरेटर रूममध्ये त्याला चक्कर आली. खाली बसला, उठला, काय झालं नाही. पण तिकडे चक्कर येऊन चालत नाही, वहिनी. तो झोपला तर आम्ही सगळे झोपलो."

मला आधी हसू आलं, हे मी लपवणार नाही. एवढं मोठं, भलतंच हसू. पुढच्या क्षणाला मी टेबलावर डोकं टेकून रडत होते आणि वाचायला आलेल्या चौथीच्या मुली माझ्याकडे बघत होत्या. त्याचा जीव जेवणासाठी तळमळू नये म्हणून मी खोटं सांगितलं, आणि माझ्या खोट्यामुळेच तो उपाशी राहिला. आम्हा दोघांना समोरासमोर उभं करून कुणीतरी एकेक ठेवून द्यायला हवी होती.

"मी आत्ता त्याच्याशी बोलते," मी म्हटलं.

"एकट्याशी नका बोलू. त्याला वाटेल मी तुम्हाला पढवलं. शनिवारी बोला, जेवणाच्या वेळी, स्पीकरवर. सगळ्यांसमोर. मी साहेबांकडून लाईन मागून घेतो. टेबलावरून तो उठून जाऊ शकणार नाही. आणि वहिनी, खास काय नको. घरचं करा."

शनिवारी मी भल्या सकाळी उठले. शुक्रवारीच अल मवालेहला जाऊन सगळं आणलं होतं. भरली वांगी केली. बांगडे हळद-तिखट लावून, तांदळाच्या पिठात घोळवून तळले. वरण, भात. ओल्या नारळाची सोलकढी. काकडीची कोशिंबीर, पापड भाजले. मुलीने पानं घेतली, आणि मी तिला आधी जेवायला बसवलं. माझं ताट मात्र पालथंच ठेवलं.

फोन वाजला तेव्हा मागे भांड्यांचा आणि खुर्च्यांचा आवाज होता. आचारी म्हणाला, "वहिनी, बोला, सगळे ऐकतायत." आणि एकदम सगळं गप्प झालं. इतकी माणसं माझ्यासाठी गप्प झालेली मी शाळेतसुद्धा कधी पाहिली नाहीत. मी सवयीने मराठीत सुरुवात केली, मग लक्षात आलं की अर्ध्यांना कळणार नाही, म्हणून हिंदीत वळले. माझं हिंदी म्हणजे मस्कतचं, सगळ्या देशांचं थोडं थोडं. म्हटलं, "आज घर में भरली वांगी है." कुणीतरी विचारलं, भरली कशाने? दाण्याचं कूट, सुकं खोबरं, गोडा मसाला, थोडा गूळ. गूळ? वांग्यात गूळ? तिकडे दोघांची जुंपली. मी बांगड्यांवर आले. तेल कुठलं? खोबरेल. एका मल्याळी आवाजाने मोठा निःश्वास सोडला. सोलकढीचा रंग कसा, तो सांगितला. काकडी चोचवली की किसली, ते सांगितलं. एका म्हाताऱ्याशा आवाजाने विचारलं, "काकडी कडू तर नव्हती ना, बेटा?" मी म्हटलं, "नाही हो, अगदी गोड होती." आणि तेवढ्यावर माझा आवाज फुटला.

माझा नवरा काहीही बोलला नव्हता. तो तिथं आहे की नाही तेही मला कळत नव्हतं.

"आणि ऐक," मी मराठीत म्हटलं, सगळ्यांच्या देखत, "ती खिचडी खोटी होती. म्हणजे नंतर नंतर खरी होती, पण मुळात खोटी. पगार वेळेवर येतो. आम्ही रोज पोटभर जेवतो, मासे खातो, सगळं खातो. तू तिकडे असं कोरडं खातोयस आणि मी इकडे मेथी, सुरमई सांगतेय, याची मला लाज वाटली. म्हणून बोलले नाही. मला क्षमा कर."

"पोरगी जेवली?" त्याने विचारलं.

"जेवली. दोन बांगडे खाल्ले."

"आणि तू? तू जेवलंस?"

मला खोटं बोलता आलं असतं. तोंडावर आलंही होतं. "नाही," मी म्हटलं. "तुला सगळं सांगून झाल्याशिवाय घास उतरेना."

"पान वाढून घे," तो म्हणाला.

"नंतर जेवीन रे. लाईन जाईल."

"लाईन गेली तर जांव दे. पान वाढून घे आणि फोन बाजूक ठेव. बंद करू नको."

मी ताट सुलटं केलं. भात वाढला, वरण घातलं, वांगं घेतलं. मुलीने फोन माझ्या ताटाला लावून ठेवला आणि त्यात तोंड घालून म्हणाली, "आई... जेवायला... बसली." दुसऱ्या कुणाच्या भुकेसमोर बसून जेवणं किती कठीण असतं ते त्या दुपारी कळलं. पहिला घास मी नुसताच तोंडात धरून बसले. सगळी माणसं, तो अंधार, ते अर्धं राहिलेलं डिझेल, सगळं माझ्या ताटाभोवती येऊन उभं होतं. अपराधी वाटत होतं, भयंकर वाटत होतं. मी पापड मोडला. तो आवाज तिकडे पोचला असावा, कारण कुणीतरी हलकेच हसलं.

मी चावलं. गिळलं. दुसरा घास घेतला. डोळ्यांतलं पाणी ताटात पडत होतं, ते मी पुसलं नाही, हात उष्टा होता. मग फोनमधून एक बारीक आवाज आला, स्टीलच्या ताटावर चमचा घासल्याचा. एकदा, मग थोड्या वेळाने पुन्हा. मी हात थांबवला आणि ऐकत राहिले.

"थांबू नका, वहिनी," आचारी फोनच्या अगदी जवळ येऊन, दबक्या आवाजात म्हणाला. "तो जेवतोय."

मी आणखी भात वाढून घेतला.